थंडी राहणार का? हापूसच्या बागायतदाराने अडलेल्या हवेचा नकाशा कसा वाचावा

डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे अंगणात गारठा जाणवला की माझी आई चुलीपुढे हात शेकत एकच प्रश्न विचारायची. "थंडी इली, पन ऱ्हवतली काय?" पारा किती उतरला हे तिने कधी विचारलं नाही. राहणार का, एवढंच.

विजयदुर्गच्या खाडीपासून जवळ आमची हापूसची १८० कलमं आहेत. आईचा प्रश्न किती नेमका होता ते मला बोटीवरची नोकरी संपवून बागेत उतरल्यावर कळलं. एका गार रात्रीने हापूसला काही होत नाही. पावसानंतर जमीन सुकलेली, पालवी जून झालेली आणि वर दहा-बारा रात्री सलग गारठा, असा मेळ बसला तर बोंगे, म्हणजे मोहराचे डोळे, फुटतात. दोन रात्री गार, तिसऱ्या दिवशी ढग, मग उकाडा, असं चाललं तर मोहर तुकड्यातुकड्याने येतो आणि वर्षभर त्याच्या मागे पळावं लागतं. उलट फळ धरल्यावर थंडी मुक्कामाला बसली तर त्याच झाडावर दुसऱ्यांदा मोहर येतो आणि वाटाण्याएवढी कैरी गळून पडते. म्हणून आपल्याला मुक्कामाचा अंदाज हवा. मोबाइलवर उद्याचं किमान तापमान दिसतं, मुक्काम दिसत नाही. तो बघायचा तर नजर चार-पाच हजार किलोमीटर वायव्येला न्यावी लागते. ती कशी न्यायची, ते इथे लिहितो.

व्हाळातला कातळ

आमच्या बागेच्या खालच्या अंगाने व्हाळ, म्हणजे ओढा, जातो. त्याच्या मधोमध एक काळा कातळ आहे. श्रावणात पाणी त्याच्यावर येऊन दोन्ही बाजूंना फाकतं आणि कातळाच्या खाली भोवरा धरतं. लहानपणी आम्ही त्यात फणसाचं पान टाकायचो. वरून आलेली बाकीची पानं झरझर खाडीकडे जायची, पण भोवऱ्यात सापडलेलं पान तिथल्या तिथे गरगरत राहायचं.

वर आकाशातही अशीच नदी आहे. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या मधल्या पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्यांचा जोरदार प्रवाह वाहतो, त्याच्या गाभ्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हा प्रवाह सरळ जात नाही, नागमोडी वळणं घेत जातो. त्या वळणांचं गणित कार्ल-गुस्ताफ रॉस्बी या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३९च्या सुमारास मांडलं, म्हणून त्यांना रॉस्बी लहरी म्हणतात. एरवी ही वळणं पुढे सरकतात आणि त्यांच्याबरोबर हवामान बदलतं. कधीकधी एक वळण इतकं फुगतं की उत्तरेकडे उबदार हवेचा मोठा ढीग तयार होतो आणि तो जागचा हलत नाही. हा जास्त दाबाचा ढीग म्हणजे आपला कातळ. प्रवाह त्याच्या वरून आणि खालून फाटून जातो, मागून येणारी वादळं वाट बदलतात आणि त्याच्या आसपास जे हवामान असेल ते तसंच चिकटून राहतं. याला ब्लॉकिंग म्हणतात, मराठीत अवरोध. पाच दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत तो टिकू शकतो.

त्याची दोन रूपं ओळखायला सोपी. एकात मधे जास्त दाब आणि खाली दोन बाजूंना कमी दाब, नकाशावर ग्रीक ओमेगा अक्षरासारखं. दुसऱ्यात वर जास्त दाब आणि बरोबर त्याच्या खाली कमी दाब. या दुसऱ्याला रेक्सचं नाव आहे. रेक्स या अमेरिकी अधिकाऱ्याने १९५०मध्ये अवरोधाची पहिली पद्धतशीर मांडणी केली.

मी हा प्रकार प्रथम पुस्तकात नाही, डेकवर पाहिला. डिसेंबर २०१०मध्ये आमची बोट टेम्सच्या मुखाशी नांगरून होती. दोरखंडावर बर्फ धरलेला, रेलिंगला हात लावला तर हातमोजा चिकटायचा. ब्रिजवरच्या फॅक्समधून ५०० मिलिबारचा नकाशा यायचा. त्यात ग्रीनलंडच्या बाजूला जास्त दाबाचं तेच गोल, आज तिथे, उद्या तिथे, चार दिवसांनीही तिथेच. अटलांटिकची नेहमीची ओलसर उबदार हवा त्याला वळसा घालून दक्षिणेला जात होती आणि इंग्लंडवर उत्तरेची हवा ओतली जात होती. मध्य इंग्लंडच्या नोंदींत तो १८९० नंतरचा सर्वांत थंड डिसेंबर ठरला. थंडीच्या आकड्यापेक्षा तिचा मुक्काम माणसाला कसा जेरीला आणतो ते मी तिथे शिकलो.

नकाशा उघडायचा कसा

हवामानाचे नकाशे दाखवणारं विंडीसारखं कोणतंही फुकट अॅप चालेल. युरोपीय मॉडेल निवडा. उंचीची पट्टी जमिनीवरून उचलून ५०० हेक्टापास्कलवर न्या, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर. मिलिबार आणि हेक्टापास्कल एकच, हवेच्या दाबाचं माप. मग समोच्च रेषांमध्ये ‘भूविभव उंची’, म्हणजे जिओपोटेन्शियल हाइट, चालू करा. या रेषांवरचे आकडे सांगतात की ५०० हेक्टापास्कलचा थर तिथे किती उंचावर आहे. हवा उबदार असली की थर फुगून वर जातो, गार असली की खाली बसतो. आपल्या डोक्यावर तो हिवाळ्यातही ५,८०० मीटरच्या वर असतो. उत्तरेकडे जाल तसा आकडा उतरत जातो. ही नेहमीची उतरंड मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

आता ६० अंश पूर्व रेखांश पकडा. रशियातले उरल पर्वत आणि येकातेरिनबर्ग शहर याच्या आसपास आहेत. या उभ्या रेषेवर ६० अंश उत्तरेचा आकडा वाचा, मग खाली येऊन ४० अंश उत्तरेचा, म्हणजे तुर्कमेनिस्तान-उझबेकिस्तानच्या बाजूचा. नेहमी वरचा आकडा खालच्यापेक्षा बराच लहान असतो. तो खालच्यापेक्षा मोठा झाला असेल, म्हणजे उतरंड उलटी झाली असेल, तर तिथे कातळ बसला आहे. शास्त्रज्ञही अवरोध मोजायला हीच उलटलेली उतरंड वापरतात, फक्त संगणकावर आणि प्रत्येक रेखांशावर.

एका दिवसाच्या उलट उतरंडीला भुलू नका. नकाशा पुढे सरकवत पाचवा, सातवा, दहावा दिवस बघा. गोल तिथेच असेल तर वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी मॉडेलने तोच अंदाज ठेवला का ते पुन्हा बघा. लागोपाठ तीन दिवस अंदाज एकच राहिला तर मी विश्वास ठेवतो. आज कातळ, उद्या गायब, परवा पुन्हा कातळ, अशी उलटापालट चालू असेल तर मी गड्यांना काहीच सांगत नाही. कातळ बसताना आणि सुटताना मॉडेलं सर्वांत जास्त चुकतात.

एवढं रोज करायला दहा मिनिटं लागतात. मी सकाळच्या चहाबरोबर करतो.

कातळ कुठे आहे, यावर आपलं नशीब

इथे एक गैरसमज दूर करतो. ‘सैबेरियातून थंडीची लाट आली’ असं आपण सहज म्हणून जातो. सैबेरियाची थंड हवा उरलच्या अवरोधाच्या पूर्व कडेने घसरून चीन-कोरियाकडे सरळ उतरते. जानेवारी २००८मध्ये दक्षिण चीन बर्फाखाली गेला, तेव्हा उरलच्या बाजूला असाच अवरोध होता. आपल्याकडे मात्र हिमालय आणि तिबेटचं पठार आडवं आहे, ती हवा त्यावरून उड्या मारून येत नाही. आपली थंडी बाजूच्या दाराने येते.

ते दार म्हणजे पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या बाजूने निघालेले कमी दाबाचे हे पट्टे इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे काश्मीर-हिमाचलवर येतात. हिवाळ्यात महिन्याला चार-सहा तरी येतात. उरलवर कातळ बसला की प्रवाह फाटतो, खालची फांदी दक्षिणेला रेटली जाते आणि झंझावात एकामागोमाग एक खालच्या वाटेने येण्याची शक्यता वाढते. झंझावात येताना उत्तरेत ढग आणि बर्फ, आणि तो सरकला की त्याच्या पाठीमागून वायव्येची कोरडी गार हवा राजस्थान-गुजरातेत घुसते. तिथून नाशिक-निफाडला द्राक्षवाल्यांची झोप उडते, आणि मग ती आपल्याकडे येते. येईपर्यंत तिचा बोचरेपणा पुष्कळ गेलेला असतो. सह्याद्री उतरताना हवा दाबली जाऊन आणखी तापते. म्हणून निफाडला पाच-सहा अंश असताना माझ्या बागेत पंधरा असतात. थंडीची लाट ठरवताना हवामान खातंही किनाऱ्याला वेगळी फूटपट्टी लावतं. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली हवं, किनाऱ्यावर १५ किंवा खाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी. अपवाद घडतात. २२ जानेवारी १९६२ला मुंबईत सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले होते.

कातळ ग्रीनलंड किंवा उत्तर अटलांटिकवर असेल तर ती मुख्यतः युरोपची गोष्ट. मी ती वहीत टिपतो, पण तिच्यावर फवारणी ठरवत नाही. तिथून आपल्यापर्यंत वाट लांब आहे आणि मधे फार काही घडतं.

तिसरी जागा सर्वांत फसवी. अरबस्तान, इराण आणि अरबी समुद्राच्या वर जास्त दाबाचा फुगवटा ठाण मांडतो. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने हा नेहमी अवरोध ठरत नाही, उतरंड उलटी झालेली नसते, पण हटून बसण्याची खोड तीच. झंझावात वरच्या वरून निघून जातात. आपल्यावर हवा खाली बसते, आकाश निरभ्र, पहाट गार आणि दुपार तापलेली. डिसेंबरात हे चालून जातं, फेब्रुवारीत हीच स्थिती बागेचा घात करते. फेब्रुवारी २०२३मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या सगळ्या फेब्रुवारींत तोवरचं सर्वाधिक ठरलं आणि कोकणाला त्या महिन्यातच उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला.

आणि चौथा प्रकार. कमी दाबाचा पट्टा फार खाली, अरबी समुद्रापर्यंत लोंबतो, समुद्रावरची वाफ ओढून घेतो आणि कोकणावर ढग आणतो. १ आणि २ डिसेंबर २०२१ला मुंबई-कोकणात झालेला अवकाळी पाऊस आठवा. तेव्हा अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र आणि पश्चिमी पट्टा एकत्र आले होते. नकाशावर असं लोंबणं दिसलं तर तापमान बघत बसू नका, ढग बघा.

कधी झंझावाताबरोबर धूळही येते. २३ जानेवारी २०२२ला पाकिस्तानच्या बाजूची धूळ गुजरातवरून मुंबईपर्यंत आली, गाड्यांवर पांढरा थर बसला आणि ऐन दुपारी गारठा जाणवला.

वाटेत तपासणी

नकाशाने थंडी येणार म्हटलं की मी तीन ठाणी बघतो. आधी काश्मीर-हिमाचलला बर्फ पडला का. मग उत्तर गुजरात आणि निफाडचा पारा उतरला का. शेवटी आपलं घर. उरलवर कातळ बसल्यापासून माझ्या बागेत फरक पडेपर्यंत साधारण आठवडा जातो, कधी जास्तही. निफाड उतरल्यावर आपल्याकडे एक-दोन दिवस. कधी निफाड उतरतं आणि आपल्याकडे काहीच येत नाही, कारण वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा राहतो. वारा उत्तरेकडे फिरल्याशिवाय थंडी आली म्हणू नका.

घरची खूण पहाटेच्या धुरात आहे. रात्री जमीन निवते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, त्याला आपण मतलई म्हणतो. थंडीच्या दिवसांत शेजारच्या वहिनींच्या न्हाणीघराचा धूर वर न जाता कौलांवरून आडवा होऊन व्हाळाच्या अंगाने खाडीकडे सरकतो. तो असा जमिनीला धरून गेला, पाटावर दव कमी आणि ओठ सुकलेले, तर हवा कोरडी आहे, थंडी टिकेल. दव चिप्प आणि धूर जागच्या जागी, तर दमटपणा शिरला आहे. मतलई दहा-अकरापर्यंत चालू राहिली आणि खारा वारा उशिरा लागला तर ती दुपार तापणार. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही खूण अॅपपेक्षा मला जास्त उपयोगी पडते.

किमान-कमाल थर्मामीटर एक तरी घ्या. उन्हात किंवा भिंतीला लटकवू नका. सावलीत, छातीएवढ्या उंचीवर, वारा लागेल असा. माझे दोन आहेत, एक वर सड्याच्या, म्हणजे कातळमाळाच्या, कडेला आणि एक खाली व्हाळाजवळ. निरभ्र रात्री गार हवा जड होऊन खाली उतरते, त्यामुळे व्हाळाजवळची कलमं वरच्यांपेक्षा दोन-तीन अंश गारठ्यात उभी असतात. एकाच बागेत मोहर पुढे-मागे का येतो याचं अर्धं उत्तर मला त्या दोन थर्मामीटरांनी दिलं.

मग बागेत काय करायचं

नोव्हेंबर-डिसेंबरात, मोहरापूर्वी, उरलचा कातळ टिकणार असं दिसलं तर आठवडाभर आधी गडी सांगून ठेवा, पंप तपासा, औषध आणा. एकदा बोंगे फुटायला लागले की सगळ्या गावाला एकाच दिवशी पंप हवा असतो. औषध कोणतं आणि किती, ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे. मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्लाही बघा. मी फक्त कधी ते ठरवतो. मोहर पूर्ण फुललेला असताना शक्यतो फवारू नका, तेव्हा माश्या आणि मधमाश्या कामावर असतात.

ढग लोंबताना दिसले तर कलमाखाली जा आणि फांदीला हळूच धक्का द्या. पानांवर बारीक वाळू पडल्यासारखा तुडतुड आवाज आला की तुडतुडा बसलाय. खालच्या पानांवर बोट फिरवून बघा, चिकट लागलं तर तो रस पितोय, आणि त्या चिकट्यावर चार दिवसांत काळी बुरशी धरेल. ढगाळ दमट हवेत त्याची पैदास झपाट्याने वाढते, करपा रोगही तेव्हाच. रात्री गार आणि सकाळी दमट असं काही दिवस चाललं तर मोहराच्या दांड्यावर पिठासारखी भुरी शोधा. काजू असेल तर कोवळ्या फुटीवर ढेकण्या ही कीड बघायला विसरू नका.

आता माझी चूक सांगतो, कारण ती अजून सलते. बागेत आल्यावर तिसऱ्या वर्षी डिसेंबरातला मोहर सुंदर धरला होता, जानेवारीत कैरी वाटाण्याएवढी झाली होती. नकाशावर उरलचा गोल दिसत होता आणि थंडी येतेय म्हणून मी खुश होतो. थंडी आली, राहिली, दोन आठवड्यांच्या वर राहिली. मग एका सकाळी फळं लागलेल्या त्याच फांद्यांच्या टोकांना नवे बोंगे दिसले. झाडाने सगळं बळ नव्या मोहराला दिलं आणि जुनी कैरी पिवळी पडून खाली सांडली. चालताना पायाखाली टचटच फुटत होती. नव्या मोहराचं फळ मे अखेरीस तयार झालं आणि बरंचसं पावसात गेलं. थंडी मुक्कामाला येतेय हे मला आठवडाभर आधी दिसलं होतं, पण माझ्या झाडांना त्या वेळी ती नको होती, हा विचार मी केला नाही.

पुनर्मोहर टाळण्यासाठी विद्यापीठाची शिफारस जिब्रेलिक आम्लाची आहे, ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. एक फवारणी मोहर पूर्ण उमलल्यावर, दुसरी फळ वाटाण्याएवढं असताना. पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी लागते. आता मी मोहर उमलण्याच्या वेळी नकाशावर कातळ दिसला की हे सामान घरात आणून ठेवतो.

फेब्रुवारीत अरबस्तानचा फुगवटा हलत नसेल तर पाण्याची तयारी करा. फळ वाटाण्याएवढं झाल्यापासून पंधरा दिवसांच्या अंतराने झाडाला १५० ते २०० लिटर, तीन-चार वेळा, आणि आळ्यात सुक्या गवताचं किंवा पातेऱ्याचं आच्छादन. पाणी संध्याकाळी द्या. आमच्याकडे विहीर मार्चमध्ये तळ दाखवते, म्हणून मी आधी व्हाळाच्या वरच्या, कातळावरच्या कलमांना देतो. ती सर्वांत आधी सुकतात.

आणि कातळ सुटताना कसा ओळखायचा. गोलाच्या बंद रेषा एका बाजूने उघडायला लागतात, ६० अंशावरचा आकडा रोज थोडा उतरतो, फाटलेला प्रवाह पुन्हा जुळतो. त्यानंतर आठवड्याच्या आत आपल्याकडे मतलई ढिली पडते, पहाटेचा पारा पंधरावरून अठरा-एकोणीसवर चढतो आणि खारा वारा लवकर लागतो. त्या दोन-तीन दिवसांत रोज सकाळी बागेत फिरा आणि मोहर हातात घेऊन बघा. गारठ्यात सुस्त बसलेला तुडतुडा ऊब लागताच हलतो, आणि पहिला दिसतो तो नेहमी दाट, सावलीच्या, व्हाळाकडच्या कलमांवर.